सड्यावर रोपे लावण्याआधी एकदा मिरगात वर या

प्रति,
वृक्षलागवडीचे काम पाहणारे आमच्या तालुक्याचे अधिकारी,
ग्रामपंचायतीचे सरपंच आणि सदस्य,
आणि ज्यांची नावे सड्याच्या सातबाऱ्यावर आहेत ते माझे सगळे भाऊबंद,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या जांभ्या कातळाच्या पठारावर, जेसीबी चढला. चार दिवसांत त्याने देवळाच्या वरच्या अंगाला दोनशेच्या वर खड्डे फोडले. ते भरायला खालून लाल मातीचे डंपर आले. फलकही लागला आहे: 'उजाड सडा हिरवा करू या'. एक जुलैला, वनमहोत्सवाच्या पहिल्या दिवशी, पाहुण्यांच्या हातून तिथे रोपे लागणार आहेत. दिवस थोडे उरलेत. नुसता अर्ज देऊन पोच घेतली तर तो फाइलला लागेल आणि रोपेही लागतील, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली शेतकरी. माझे माहेर आणि सासर एकाच गावातल्या दोन वाड्यांत, आणि दोन्ही वाड्यांच्या डोक्यावर हाच सडा. लहानपणी आजीबरोबर गुरे घेऊन मी रोज वर जायची. बाबा गेल्यावर वारसनोंदीत माझे नाव सड्याच्या सातबाऱ्याला लागले. पस्तीस-चाळीस सहहिस्सेदारांतली मी एक. लागवडीसाठी संमतीपत्रे घेतली म्हणतात, माझ्याकडे कोणी आले नाही. पण मला तेवढ्यासाठी भांडायचे नाही. विचारले असते तर मी जे सांगितले असते तेच इथे लिहिते.

सड्याला उजाड कोण म्हणते? जो त्याला एप्रिलमध्ये बघतो तो. तेव्हा कातळ काळा पडलेला असतो, अनवाणी पाय ठेववत नाही, गवताची नुसती खुंटे उरलेली असतात. तुमच्या माणसांनी मोजणी केली ती एप्रिलमध्ये, फोटो काढले तेही तेव्हाच. त्या फोटोत काही दिसत नाही हे खरे. पण त्याच काळ्या कातळाच्या भेगांत, दोन-चार बोटे मातीत, त्या वेळी हजारो कांदे झोपलेले असतात. त्यांतलेच एक फूल दीपकाडी.

आमच्या आजीकडे त्याला वेगळे नाव नव्हते. 'सड्यावरचा कांदा' म्हणायची. दीपकाडी हे नाव मला फार उशिरा कळले. एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर पावसात सडा बघायला आले होते, त्यांनी सांगितले. शास्त्रीय नाव 'डिपकाडी कोंकणेन्स'. मराठी नाव बहुधा त्या पहिल्या शब्दावरूनच आले असावे, पण इतके चपखल बसले आहे की वाटावे आपल्याच कोणा बाईने ठेवले. दुसरा शब्द तर सरळ आपल्या मुलखाचा, कोकणातली ती 'कोंकणेन्स'. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम केलेल्या डाल्झेल या वनस्पतीतज्ज्ञाने तिची पहिली शास्त्रीय नोंद केली. म्हणजे पावणेदोनशे वर्षे होत आली, या फुलाच्या नावात कोकण आहे. आणि कोकणातल्याच आपल्या गावच्या ठरावात ती जागा 'पडीक' आहे.

ती कशी जगते ते सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

मिरगाचे पहिले चार-पाच पाऊस झाले की कातळावर हिरवी झाक येते. अजून गवत बोटभरही नसते. तेवढ्यात दीपकाडीची पाने वर येतात, गवतासारखी अरुंद, मधोमध पन्हळ असलेली. मग एक सरळ दांडा, आणि त्यावर थोडीशी लांबट पांढरी फुले. ढगाळ सकाळी काळ्या ओल्या कातळावर ती पांढरी फुले लांबून उठून दिसतात. जूनअखेर आणि जुलै, एवढाच तिचा हंगाम. गवत वाढून वर येईपर्यंत तिचे फुलणे उरकलेले असते. पुढे तीन कप्प्यांची बोंडे धरतात, त्यांत चपट्या काळ्या बिया. पावसाळा सरला की वरचे सगळे सुकून जाते आणि उरतो तो मातीतला कांदा. वर्षातले सात-आठ महिने ती अशीच, तापलेल्या कातळात, थेंबभर पाण्याविना काढते.

तिला काय लागते? उघडे ऊन. उथळ माती. पाऊस पडतो तेव्हा भरपूर ओल, आणि पाणी साचून न राहता निघून जाईल अशी भेग किंवा खळग्याची कड. आणि पावसाळ्यानंतर कडक कोरडेपणा. यांतले एकही आपण बागेत करून देत नाही, आणि सड्याने मात्र हजारो वर्षे फुकट दिले आहे. माती उथळ आहे म्हणूनच तिथे झुडपे, उंच गवत, रानमोडीसारखे माजणारे तण यांना पाय रोवता येत नाही. आपण ज्याला सड्याची उणीव समजतो, त्याच उणिवेच्या आडोशाला ती राहते.

आणि ती एकटी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कातळावरून पाण्याचा पातळ पदर वाहत असतो. त्यात गेंदाची पांढरी बोंडे उभी राहतात, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले पसरतात, दवबिंदूची लालसर चिकट पाने किडे धरून ठेवतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती किडे खातात, कारण सड्याच्या मातीत नत्र फार थोडे. पोटाला कमी पडते ते त्या किड्यांतून भरून काढतात. भाद्रपदात तेरडा आणि पिवळ्या फुलांचा कवला येतो. डबक्यांत बेडूकमासे वळवळत असतात, टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. हे सगळे संपून गवत पिकते तेव्हा आपण ते कापून वैरण आणतो. उजाड जागेवरून वैरण येत नसते.

आता माझ्या तक्रारी. राग कोणा माणसावर नाही. झाडे लावणारा माणूस वाईट हेतूने लावत नाही हे मला ठाऊक आहे.

पहिली तक्रार मातीची. खड्ड्यापेक्षा मला डंपरची भीती वाटते. खड्डा जिथे फोडला तिथले कांदे गेले, पण उरलेली माती तुम्ही आजूबाजूच्या खळग्यांत पसरवलीत. दोन-चार बोटे मातीत राहणाऱ्या कांद्यावर हातभर माती आली तर तो वर येणार कसा? शिवाय ती माती खतावलेल्या शेतातली आणि रस्त्याकडेची आहे, तिच्याबरोबर रानमोडीचे बी वर चढले आहे. नापीक मातीत जगायला शिकलेल्या झाडोऱ्यात सुपीक माती टाकली की तो सुधारत नाही, त्याच्या जागी दुसरेच काही माजते. शाळेमागच्या सपाटीकरणाला तीन वर्षांपूर्वी अशीच माती आणली होती. आज तिथे रानमोडीखेरीज काही दिसत नाही, जाऊन पाहा.

दुसरी, रोपांची. यादीत ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, गिरिपुष्प आहे. दोन्ही बाहेरून आलेली. त्यांतली बरीचशी मरतील, कारण कातळातल्या खड्ड्यात मूळ जाणार कुठे? टँकरचे पाणी चालू असेतोवर रोप जगते आणि टँकर थांबला की वाळते. आपल्या शेजारच्या सड्यावर असे वाळके खड्डे आजही मोजता येतात. पण मला मरणाऱ्या रोपांपेक्षा जगणाऱ्यांची जास्त काळजी आहे. बाभूळ एकदा लागली की तिची सावली आणि पाल्याचा जाड थर, या दोन्हींखाली सड्यावरचे काहीच उगवत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. 1990 साली राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बाबांनी सड्याच्या आमच्या वाट्यात सुरुंग लावून खड्डे केले, डोक्यावरून माती वाहिली आणि हापूसची चाळीस कलमे लावली. त्या कलमांवर माझे आणि भावाचे शिक्षण झाले. बाबांच्या कष्टाबद्दल एक शब्द मी उणा बोलणार नाही. पण त्या वाट्यात आधी दीपकाडी होती, मी गुरांमागून जाताना ती पाहिलेली आहे. कलमे लहान होती तोवर मधल्या मोकळ्या जागेत ती येत राहिली. सावली मिळाली तशी कमी झाली. आज बागेत एकही नाही, आणि गडग्यापलीकडे, बागेच्या दगडी बांधाबाहेर, जिथे कातळ उघडा आहे, तिथे अजून आहे. मध्ये फक्त एक गडगा. तेव्हा आम्हाला कोणी सांगणारे नव्हते. आज सांगणारे आहेत, म्हणून लिहिते.

तिसरी गोष्ट पाण्याची. सड्यावर पडलेला पाऊस डबक्यांत थांबतो, जांभ्याच्या छिद्रांतून खाली मुरतो आणि वाडीच्या वरच्या झऱ्याला येतो. वरच्या बाजूला चिरेखाण सुरू झाली, त्याआधी आमचा झरा एप्रिलपर्यंत वाहायचा. आता होळीलाच त्याची धार करंगळीएवढी होते. माझ्या डोळ्यांदेखतचे आहे हे. कातळ फोडताना खाली कोणाच्या घरात घागर भरते याचा विचार त्या खाणीच्या वेळी झाला नाही आणि या खड्ड्यांच्या वेळीही झाला नाही.

चौथी तक्रार कुंपणाची. लागवडीभोवती तारेचे कुंपण घालून गुरे बंद करणार असे ठरावात आहे. सड्याला गुरांची सवय आहे. गुरे गवत आटोक्यात ठेवतात, त्यामुळे बुटक्या फुलझाडांना ऊन मिळते. कासच्या पठाराचे उदाहरण सगळ्यांनी ऐकले आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागांबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेले, तिथे गर्दी आवरायला कुंपण घातले, आणि चराई थांबल्याने फुलांवर परिणाम होतो आहे असे दिसल्यावर ते कुंपण काढावे लागले. कासने मोजलेली किंमत आपण पुन्हा कशाला मोजायची?

पाचवी तक्रार कागदाची आहे, आणि माझ्या मते बाकीच्या चारही तिच्यातूनच आल्या आहेत. सातबाऱ्यावर सडा 'पोटखराबा' आहे. पोटखराबा म्हणजे जिथे पीक होत नाही, म्हणून आकार, म्हणजे सारा, नाही. सारा ठरवणाऱ्याच्या दृष्टीने तो शब्द बरोबर होता. पण सारा येत नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा आपण कधी करून घेतला? देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघडा खडक पडीकच धरलेला असतो. एकदा कागदावर पडीक लिहिले की मग तिथे खाण चालते, कचरा चालतो, प्रकल्प चालतो, आणि झाडेही चालतात. सन 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आपल्या गावातही जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. मी ती मागून घेऊन पाहिली. आंबा, काजू, फणस, कोकम, गुरांच्या जाती, सगळे आहे. सड्याचे पान नाही.

कातळशिल्पांचे असेच होते ना? किती वर्षे त्या चित्रांवरून गुरे गेली, गाड्या गेल्या, काही ठिकाणी चिरेही निघाले असतील. मग काही माणसे गावोगाव फिरली, सडे झाडून काढले, नोंदी केल्या, आणि 2022 मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू अशा ठिकाणांची कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कातळ तोच होता. बघणारे वर चढले, एवढाच फरक पडला. चित्र निदान बारा महिने दिसते. दीपकाडी दिसते चार-सहा आठवडे, आणि तेही भरपावसात, जेव्हा कार्यालयातून कोणी वर येत नाही.

भाऊबंदांशी दोन शब्द वेगळे बोलते. मुंबईहून जमिनीला गिऱ्हाईक येते, चिरेखाणवाला रोख पैसे देतो, आणि सड्यापासून दुसरे उत्पन्न नाही, हे मला माहीत आहे. माझ्याही घरात तीच चर्चा होते. सगळा सडा जसाच्या तसा ठेवा असे मी म्हणत नाही, तसे म्हणायचा मला हक्कही नाही, मी हापूस विकून जगते. पण देवळाच्या वरच्या अंगापासून जुन्या गोठणीपर्यंतचा तुकडा, जिथे डबकी आहेत आणि दीपकाडी सर्वांत दाट आहे, तो कोणाच्याच एकट्याच्या वाट्याचा नाही. सामाईक आहे. निदान तेवढा तरी राखू या.

माझ्या मागण्या अशा:

एक जुलैची लागवड सड्यावर करू नये. कार्यक्रम रद्द करायची गरज नाही, जागा बदला. झाडे हवी आहेत अशा जागा गावात भरपूर आहेत: धूप झालेला घाटीचा उतार, शाळेचे आवार, पऱ्याचे दोन्ही काठ, तोड झालेली देवरहाटीची, म्हणजे देवाच्या राखीव रानाची, कड. तिथे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, शिवण लावा. खड्डे खणायला आणि दोन उन्हाळे पाणी घालायला मी आणि आमच्या बचत गटाच्या बाया येऊ, हे इथे जाहीर लिहून देते.

खळग्यांत पसरलेली माती मोठा पाऊस लागण्याआधी हाताने उचलावी. यंत्राने नको, यंत्र फिरले तर उरलेलेही चिरडेल. फोडलेले खड्डे भरताना त्यांतून निघालेला जांभाच परत टाकावा, बाहेरची माती नको. या कामाला मजुरी द्यावी, ते फुकट होण्यासारखे काम नाही.

जून ते ऑक्टोबर या काळात, दर महिन्याला निदान एकदा, वनस्पती ओळखणाऱ्या जाणकारांना आणि गावातल्या गुराखी-जाणत्यांना बरोबर घेऊन सड्याची नोंद करावी आणि ती लोकजैवविविधता नोंदवहीत चढवावी. ही नोंद होईपर्यंत सड्यावर लागवड, सपाटीकरण, नवी खाण यांतल्या कशालाही ग्रामसभेने हरकत नसल्याचा दाखला देऊ नये.

नोंद झाल्यावर सामाईक तुकड्यासाठी जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव ग्रामसभेने ठराव करून पाठवावा. हे काही आकाशातले मागणे नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात 2021 मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची सुमारे दोन हेक्टर जागा एका छोट्या माशासाठी वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. माशासाठी होते ते फुलासाठीही होऊ शकते. मात्र प्रस्तावात गुरे चारण्याचा आणि गवत कापण्याचा गावाचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा. तो नसेल तर त्या ठरावाच्या विरोधात पहिला हात माझा वर होईल.

कुंपण घालू नये.

आणि शेवटची मागणी वाचणाऱ्यांना. मी गावाचे नाव लिहिलेले नाही, ते विचारू नका. फूल दुर्मीळ आहे असे कळले की कांदे उपटून न्यायला माणसे येतात. कुंडीत लावायला नेलेली दीपकाडी बहुधा पुढचा पावसाळा पाहत नाही. ज्यांना खरेच काही करायचे आहे त्यांनी आपापल्या गावच्या सड्यावर जुलैमध्ये चढून बघावे आणि आपल्या ग्रामपंचायतीत नोंदवहीची प्रत मागावी.

अधिकारीसाहेब, सरपंच, तुम्हाला एक विनंती आहे. मिरग लागून चार चांगले पाऊस झाले की मी निरोप पाठवीन. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास देवळाशी या. पुढची वाट मी दाखवते. कातळ शेवाळलेला असतो, तेव्हा चपला काढून चाललेले बरे, पण दगडांच्या आडोशाला फुरशी असतात म्हणून पाऊल बघून टाका. तासाभराचे काम आहे. आधी गडग्याच्या आतली आमची बाग दाखवीन, मग गडग्याबाहेरचा सडा. फोडलेले खड्डेही वाटेतच लागतील. ते सगळे बघून खाली आल्यावर तुम्ही जे ठरवाल ते मला समोरासमोर सांगा.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक शेतकरी आणि सहहिस्सेदार